बाळ पायाळू आहे म्हणजे सीझरच का?

झुळूक

मागे 'नॉर्मल की सीझर'च्या धाग्यावर एकीने विचारलं होतं, चौतिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं वर आलंय, काय करू? पाच-सहा जणींनी सांगितलं, "तारीख घेऊन मोकळी हो." झालं, पुढची चर्चा डिंकाच्या लाडवांवर गेली. लाडवांबद्दल तक्रार नाही, पण त्या बाईला उत्तर अर्धंच मिळालं. म्हणून हा वेगळा धागा.

मी मूळची साताऱ्याकडची, नर्सिंग महाराष्ट्रात केलं, आता इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सुईण आहे. इथे हा स्वतंत्र पेशा आहे. शिक्षण वेगळं, नोंदणी वेगळी. बाळंतपण सरळ चाललं असेल तर डॉक्टर खोलीत डोकावतही नाहीत. पायाळू बाळ असेल तर डॉक्टर हाताशी लागतातच, पण ज्या सुईणींनी याचं खास शिक्षण घेतलंय त्याही प्रत्यक्ष प्रसूती सांभाळतात. मी त्यांतली एक. म्हणजे माझा कल कुठे असणार ते आधीच लक्षात घेऊन पुढचं वाचा.

चौतिसाव्या आठवड्यात घाबरायचं कारण नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्याला साधारण पाचातलं एक बाळ डोकं वर करून बसलेलं असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात. वार कुठे चिकटली आहे, पाणी कमी की जास्त, गर्भपिशवीचा आकार, अशी कारणं असतात. पुष्कळदा काहीच सापडत नाही. आई अमुक कुशीवर झोपली म्हणून असं झालं, हे ज्या सासूबाई सांगतील त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यातही बाळ तसंच असेल तर आधी पोटावरून हाताने बाळ फिरवून पाहायचं. गर्भपिशवी सैल पडावी म्हणून इंजेक्शन देतात. मग एक हात बाळाच्या ढुंगणाखाली सरकवून ते कटीतून वर उचलायचं आणि दुसऱ्या हाताने डोकं पुढे दाबत कोलांटी मारायला लावायची. आधी-नंतर ठोके यंत्रावर बघतात. दुखतं, आणि बाई 'पुरे' म्हणाली की थांबायचं. एकूण निम्म्या वेळा जमतं: पहिलटकरणींत दहात चौघींचं, आधी बाळंत झालेल्यांत दहात सहाजणींचं. दोनशेत एखादीला चोवीस तासांच्या आत तातडीचं सीझर लागतं, म्हणून हे ऑपरेशन थिएटर जवळ असेल तिथेच करायचं, घरी मालीशवालीकडून नाही. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन घ्यायचं. अंगावरून रक्त गेलं असेल, पाणी फुटलं असेल, जुळी असतील, तर करत नाहीत.

नाही फिरलं तर खरा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतले आकडे असे: ठरवून सीझर केलं तर दोन हजारांत एक बाळ दगावतं. पायाळू बाळाच्या नॉर्मलचं ठरवलं तर हजारात दोन. आणि डोकं खाली असलेल्या चारचौघींसारख्या नॉर्मलचं ठरवलं तर हजारात एक. हा तिसरा आकडा सहसा कुणी सांगत नाही. तो ऐकल्याशिवाय पहिल्या दोनांचं मोजमाप कसं लागणार?

सीझरचं ओझं आईच्या बाजूला जास्त आहे, आणि तेही पुढच्या खेपेला. टाक्याच्या जागी वार रुतून बसणं, कळांमध्ये जुना टाका उसवणं, असे धोके. एकच मूल हवं असलेल्या बाईचा हिशोब वेगळा आणि तीन हवी असलेलीचा वेगळा. बाईला हे विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा कसा, हे मला कधी कळलेलं नाही.

सगळीकडे सीझर का व्हायला लागलं, तर २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास. कॅनडाच्या मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली २६ देश, १२१ रुग्णालयं, २०८८ बायका. निम्म्यांना ठरवून सीझर, निम्म्यांना नॉर्मलचा प्रयत्न. बाळ दगावणं किंवा गंभीर त्रास, हे सीझर गटात १.६ टक्के आणि नॉर्मल गटात ५ टक्के. जग एका रात्रीत बदललं म्हणतात ना, तसं. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सीझरचं प्रमाण दोन महिन्यांत ५० वरून ८० टक्क्यांवर गेलं. नंतर लोकांनी तो अभ्यास उलगडून पाहिला, तेव्हा अनुभवी हात हजर नव्हता अशाही प्रसूती त्यात निघाल्या. काही केंद्रांतली मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर मृत्यू किंवा वाढीतली खोट यात दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. २००६ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या १७४ रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे ही कला टिकून होती, निवड काटेकोर होती, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. पण तोवर बाकी जगात डॉक्टरांची एक अख्खी पिढी पायाळू प्रसूती न पाहताच तयार झाली होती.

ही प्रसूती दिसते कशी तेही सांगते. आम्ही बाईला पाठीवर झोपवत नाही. गुडघे टेकून, पलंगाच्या पाठीवर हात टाकून ती पुढे वाकते. जर्मनीत फ्रँकफर्टला फ्रँक लूवेन यांच्या विभागात ही पद्धत वर्षानुवर्षं चालते, त्यांच्या ७५० बायकांच्या अभ्यासात बाळ हाताने सोडवायची वेळ उताणं झोपलेल्यांपेक्षा कमी वेळा आली. आधी ढुंगण दिसतं, त्याबरोबर काळी शी येते. दाबली गेल्यामुळे, ती बघून दचकायचं नाही. मग पाय आपसूक सुटतात. बाळाचं पोट आपल्याकडे, म्हणजे बाईच्या मागे बसलेल्या सुईणीकडे असायला हवं. छातीवर मधोमध घडी दिसली की समजायचं, हात पुढे दुमडलेले आहेत. शेवटी बाळ पाय पोटाशी घेतं, पोटात मुरड घालतं, त्याने हनुवटी छातीला टेकते आणि डोकं बाहेर येतं. हे सगळं चालू असताना सुईणीचे हात स्वतःच्या मांडीवर. ओढलं तर हात डोक्यामागे जातात, मान ताठ होते आणि डोकं अडकतं. इंग्लंडमध्ये मेरी क्रॉंक नावाच्या सुईणीने हे 'हात आवरा' आयुष्यभर शिकवलं. मात्र फिरणं थांबलं, अंग लुळं पडलं, तर त्या क्षणी काय करायचं हे अंगवळणी पडलेलं हवं. वाट कधी पाहायची आणि कधी नाही, याचंच शिक्षण असतं.

इंग्लंडमध्ये बाईला सगळे पर्याय सांगणं डॉक्टरांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. २०१५ चा माँटगोमेरी खटला: मधुमेही आई, बाळ मोठं, खांदा अडकण्याचा धोका तिला सांगितलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच हवं. पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. "तुम्हाला पर्याय आहे" म्हणायचं आणि त्या रात्री ड्यूटीवर पायाळू प्रसूती करता येणारं कुणीच नाही, याला मी फसवणूक म्हणते. निवड द्यायची तर हात तयार ठेवा. हात नसतील तर तसं स्पष्ट सांगा, आणि जिथे असतील तिथे पाठवा.

आकडेमोड्या

उत्तम लिहिलंय, पण एक खटकलं. दोन हजारांत एक आणि हजारात दोन, म्हणजे चौपट. तुम्ही ते 'हजारात दोन' म्हणून हळूच सरकवलंत.

झुळूक

चौपट हे खरं, आणि हजारात ९९८ बाळं जगतात हेही खरं. मी बाईसमोर दोन्ही वाक्यं म्हणते. नुसतं 'चौपट धोका' म्हटलं की बाई पाच सेकंदांत सीझर म्हणते, नुसतं '९९८' म्हटलं की पाच सेकंदांत नॉर्मल. दोन्ही ऐकलेली बाई मात्र प्रश्न विचारायला लागते.

डॉ_तालुका

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी लहान नर्सिंग होम. पहिलटकरणीचं पायाळू बाळ असेल तर सरळ सीझर करतो, आणि त्याची लाज वाटत नाही. माझा भूलतज्ज्ञ तीन गावांत फिरतो, बालरोगतज्ज्ञ जिल्ह्याला. रात्री दोनला डोकं अडकलं तर माझ्यासोबत एक सिस्टर आणि बाहेर बोलेरोतून आलेले पंधरा नातेवाईक. बाळ गेलं तर काचा फुटतात. झुळूकताईंनी लिहिलेलं सगळं खरं आहे, इंग्लंडसाठी.

तरी एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे. पायाळू बाळ तुमच्या धोरणाला विचारून येत नाही. ऊसतोडीच्या टोळीतली बाई पहाटे येते, आधी एकही तपासणी नाही, हात लावावा तर ढुंगण बाहेर. आता सीझरला वेळच नाही! आम्ही रेसिडेंट होतो तेव्हा सर बाजूला उभे राहून करून घ्यायचे, हात सोडवायची लोवसेट, डोकं सोडवायची मॉरिसो, सगळं हातात बसलं होतं. आता माझ्याकडे येणारी नवी मुलं रबरी बाहुलीवर शिकून आलेली असतात. ऐच्छिक पायाळू प्रसूती बंद झाल्या, आणि त्याबरोबर अनैच्छिक वेळी लागणारा हातही गेला. याचा हिशोब २००० नंतर कुणी केला नाही.

पाटलीणबाई

माझं २०१६ चं. शहरातलं मोठं खाजगी हॉस्पिटल, नाव नको. सदतिसाव्या आठवड्यात "बेबी ब्रीच आहे, मंगळवार की गुरुवार?" एवढंच विचारलं. पोटावरून फिरवतात हे मला हा धागा वाचून कळलं. फॉर्मवर सही नवऱ्याची, मला पेन दिलंसुद्धा नाही. सीझर छान झालं, मुलगी ठणठणीत आहे, डॉक्टरांवर राग नाही. पण पर्याय होता आणि मला कुणी सांगितला नाही हे आज कळल्यावर कसंतरीच झालं. बहुतेक मी तेव्हाही सीझरच म्हटलं असतं. पण म्हटलं असतं मी.

निमवकील

@पाटलीणबाई, नवऱ्याची सही पुरत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, आपलं सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २००८. बाईची संमती फक्त दुर्बिणीच्या तपासणीपुरती होती, भुलेखाली असताना डॉक्टरांनी आईची परवानगी घेऊन गर्भपिशवी काढली. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने नातेवाईक संमती देऊ शकत नाहीत. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारले तर काय होईल, एवढं सांगून घेतलेली संमती हीच संमती. आपल्याकडे कायदा आहे, लेबर रूममध्ये पोचला नाही इतकंच.

खडूस म्हातारी

माझा धाकटा भाऊ पायाळू. १९५६, घरीच, गावच्या सुईणीच्या हातून. उसण भरली की आख्खी आळी त्याच्याकडे लाथ खायला यायची, आणि वळवाचे ढग आले की आई त्याला अंगणातून आत ओढायची, वीज पडेल म्हणून. गुप्तधन शोधायला डोळ्यांत काजळ घालून घेऊन जायला एक बुवाही आला होता, वडिलांनी हाकलला. ती सुईणही म्हणे "ओढू नका, येऊ द्या त्याचं त्याला" म्हणायची.

हे वाचून कुणी उमाळे काढू नका. भावाच्या पुढचं मूलही पायाळू होतं. तीच सुईण, तेच घर. ते गेलं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या आयांना विचारायला हवं होतं.

मिठाचा खडा

आजी, दंडवत. मला हा धागा म्हणजे 'नैसर्गिक बाळंतपण' फॅडचीच पुढची पायरी वाटतोय. आधी पाण्यातली प्रसूती, आता ही. बाळाच्या जिवाशी खेळून आईला 'अनुभव' कशाला हवा? शंभरातल्या चाळीसजणींचं तर शेवटी सीझरच होतं असं मी वाचलंय.

झुळूक

चाळीस बरोबर आहे, ते माझ्याकडून लिहायचं राहिलं असं नको वाटायला, म्हणून इथे ठळक सांगते: नॉर्मलचं ठरवलेल्यांपैकी साधारण चाळीस टक्के जणींचं कळा सुरू झाल्यावर सीझर होतं, आणि ते ठरवून केलेल्यापेक्षा आईला जड जातं. फॅड म्हणाल तर माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचजणी सगळं ऐकून सीझरच घेतात. मी तारीख लावून देते, पेढे खाते. त्यांनी नॉर्मल निवडावं म्हणून मी पगार घेत नाही.

आणि सगळ्यांना हा पर्याय नसतोच. पाय पुढे आलेले असतील, मान मागे ताठ असेल, वजन ३.८ किलोच्या वर वाटत असेल किंवा बाळ फारच बारीक असेल, तर आम्हीच सीझर सुचवतो. ढुंगण पुढे आणि पाय वर तोंडापाशी, ही त्यातल्या त्यात बरी ठेवण.

आकडेमोड्या

आपल्याकडे अशा सुईणी आहेत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात सीझर २१.५ टक्के, त्यात खाजगीत ४७.४ आणि सरकारीत १४.३. महाराष्ट्र २५.४. खाजगी-सरकारीतली ही दरी बाळं उलटी बसल्यामुळे तर नक्कीच पडलेली नाही.

डॉ_तालुका

केंद्राने २०१८ मध्ये सुईण-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्यांना अठरा महिन्यांचं जादा प्रशिक्षण. तेलंगणाने त्याआधीच सुरुवात केली होती, हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या साथीने. कल्पना चांगली आहे. पण या सुईणींकडे कमी जोखमीची बाळंतपणं, पायाळू आलं की वर पाठवायचं. आमच्या एएनएम ताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांना, तर लसीकरण, रजिस्टरं आणि ॲपमधून डोकं वर काढायला मिळत नाही. दरीबद्दल बोललात ते ठीक, पण त्यात माझ्यासारख्यांची भीतीही मोजा, नुसता पैसा नाही.

चिंगी२

मीच ती मागच्या धाग्यावरची! आता पस्तिसावा चालू आहे, पुण्यात, माहेरी आलेय. बाळ अजून तसंच. आई म्हणते गुडघ्या-छातीवर ओणवं राहा, मावशी म्हणते खाली गाणी लाव, आवाजाकडे डोकं वळवतं. डॉक्टरांना नक्की काय विचारू? त्या चांगल्या आहेत पण घाईत असतात.

झुळूक

ओणवं राहिल्याने बाळ फिरतं असा भक्कम पुरावा नाही, पण अपायही नाही. कंबरेला बरं वाटत असेल तर राहा. गाणी लाव, तुला करमेल. डॉक्टरांना विचार: बाळाची ठेवण नक्की कशी आहे? वार कुठे आहे, पाणी किती? पोटावरून बाळ फिरवण्याचा त्यांना अनुभव आहे का, नसेल तर पुण्यात कुणाकडे पाठवतील? नाही फिरलं तर माझ्या बाबतीत सीझर का, हे दोन वाक्यांत सांगाल का? आणि कळा आधीच सुरू झाल्या किंवा पाणी फुटलं तर मी काय करायचं? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस, पाणी फुटल्यावर नाळ आधी घसरण्याचा धोका पायाळूत जास्त असतो, तेव्हा लगेच निघायचं. कागदावर लिहून ने, नवऱ्याला नाही, स्वतः वाच. "आमच्याकडे पायाळू नॉर्मल करत नाही" असं त्या म्हणाल्या तर ते प्रामाणिक उत्तर आहे, त्यावर भांडू नकोस. अनुभव नसलेल्या हाताकडून हट्टाने करून घेण्याची ही गोष्ट नाही.

डॉ_तालुका

सहमत. आणि चिंगी, मार्ग कुठलाही असो, बाळ शेवटपर्यंत पायाळूच राहिलं असेल तर साधारण सहा आठवड्यांचं झाल्यावर त्याच्या खुब्याची सोनोग्राफी करून घे. अशा बाळांत खुबा निसटलेला असण्याचं प्रमाण जास्त असतं, मुलींत आणखी. लवकर कळलं तर पट्ट्यांवर भागतं, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशन. आणि पाय जुळवून घट्ट दुपट्यात बांधायचं नाही, आजी काहीही म्हणोत.

खडूस म्हातारी

आजी काही म्हणत नाही. आजीने वाचलं.

चिंगी२

सगळ्यांचे आभार. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, यादी करतेय. डॉ_तालुका, ती खुब्याची सोनोग्राफी बालरोगतज्ज्ञ लिहून देतात की हाडांचे डॉक्टर?

डॉ_तालुका

बालरोगतज्ज्ञच देतील. पहिल्या लसीला जाशील तेव्हा आठवण कर, फाईलवर 'पायाळू' असं लिहून घे.